रिंगणाबाहेरची जागा : ‘द हंगर गेम्स’च्या माध्यमांतराविषयी

१

कादंबरीवरून चित्रपट झाला की त्याविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : चित्रपट मूळ कृतीशी प्रामाणिक राहिला आहे की नाही? कोणते प्रसंग गाळले, कोणती पात्रे वगळली, शेवट बदलला का, अशी एक यादी तयार होते आणि तिच्या लांबीवरून चित्रपटाचे यशापयश ठरते. जॉर्ज ब्लूस्टोन ह्यांनी १९५७ साली ‘नॉव्हेल्स इन्टू फिल्म’ ह्या ग्रंथात ह्या भूमिकेतील अपुरेपण दाखवून दिले होते. शब्दांमधून मनात उभी राहणारी प्रतिमा आणि डोळ्यांना प्रत्यक्ष दिसणारी प्रतिमा ह्यांची जातकुळीच वेगळी आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. तरीही प्रामाणिकपणाचा प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढतो, कारण त्याच्या मुळाशी एक खरा अनुभव आहे. चित्रपटगृहातून बाहेर पडताना वाचकाला काहीतरी हरवल्यासारखे वाटते. ते नेमके काय, हे मात्र गाळलेल्या प्रसंगांच्या यादीतून हाती लागत नाही.

प्रस्तुत लेखात ह्या हरवलेपणाचा शोध एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे घ्यावयाचा आहे. अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स ह्यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८), ‘कॅचिंग फायर’ (२००९) आणि ‘मॉकिंगजे’ (२०१०) ही कादंबरीत्रयी आणि तिच्यावर २०१२ ते २०१५ ह्या काळात आलेले चार चित्रपट, हे ते उदाहरण होय. ह्यांपैकी पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शन गॅरी रॉस ह्यांनी, तर पुढच्या तिन्हींचे फ्रान्सिस लॉरेन्स ह्यांनी केले. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेले आणि प्रचंड खपाचे साहित्य गंभीर समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानण्याची आपली सवय आहे. परंतु येथे तसे करणे परवडणारे नाही. ह्या कादंबऱ्यांचा विषयच मुळी ‘पाहणे’ आणि ‘दाखवले जाणे’ हा आहे. दृश्याच्या सत्तेवर टीका करणारी संहिता स्वतःच दृश्य झाली म्हणजे त्या टीकेचे काय होते, हा माध्यमांतराच्या मीमांसेतील मूलभूत प्रश्न येथे अत्यंत उघडपणे समोर येतो.

२

कथेची चौकट थोडक्यात अशी. उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर उभ्या राहिलेल्या पॅनेम ह्या राष्ट्रात ‘कॅपिटॉल’ ही संपन्न राजधानी आणि तिच्यासाठी राबणारे बारा जिल्हे आहेत. पूर्वी झालेल्या बंडाची शिक्षा म्हणून प्रत्येक जिल्ह्याला दरवर्षी बारा ते अठरा वर्षे वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी द्यावी लागते. ही चोवीस मुले एका रिंगणात सोडली जातात आणि एकच जिवंत उरेपर्यंत ती परस्परांना मारतात. हा सारा ‘खेळ’ दूरचित्रवाणीवरून दाखवला जातो आणि तो पाहणे सक्तीचे असते. बाराव्या, खाणकामगारांच्या जिल्ह्यातील सोळा वर्षांची कॅटनिस एव्हरडीन आपल्या धाकट्या बहिणीचे नाव निघाल्यावर तिच्या जागी स्वतः पुढे होते, आणि कादंबरी सुरू होते. मनोरंजनाच्या स्पर्धा आणि इराक युद्धाची दृश्ये एकामागोमाग एक पाहत असताना त्यांच्यातील सीमारेषा पुसट होत असल्याच्या जाणिवेतून ही कल्पना सुचली, असे कॉलिन्स ह्यांनी सांगितले आहे. त्यापूर्वी त्यांनी मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी लेखन केले होते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पॅनेम हे नाव रोमन उपहासकार जुव्हेनल ह्याच्या ‘भाकरी आणि खेळ’ ह्या प्रसिद्ध उक्तीतील ‘भाकरी’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे.

ह्या संहितेचे सर्वांत महत्त्वाचे रूपविशेष म्हणजे तिचे निवेदन. ते प्रथमपुरुषी आहे आणि सलग वर्तमानकाळी आहे. प्रथमपुरुषी निवेदन मराठी वाचकाला नवे नाही. ‘श्यामची आई’तील श्याम रात्रीमागून रात्री आपल्या आठवणी सांगतो, परंतु तेथे सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, जे घडले त्याचा अर्थ त्याला गवसलेला आहे. कॅटनिसला असे मागे वळून पाहण्याचे ठिकाण नाही. पुढच्या क्षणी आपण जिवंत असू की नाही, हे तिला ठाऊक नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ह्या क्षणी आपण पडद्यावर दिसत आहोत की नाही आणि दिसत असल्यास कशा दिसत आहोत, हेही तिला ठाऊक नाही.

ह्या दुसऱ्या अज्ञानातून कादंबरीचा खरा ताण निर्माण होतो. कॅटनिस सतत अंदाज बांधत असते. झाडावर दडून बसलेली असताना ती केवळ शत्रूचा विचार करत नाही. आपला चेहरा प्रेक्षकांना काय सांगत असेल ह्याचाही विचार करते. दया वाटली तर पुरस्कर्ते मिळतील, पुरस्कर्ते मिळाले तर औषध मिळेल, हे गणित तिच्या प्रत्येक हालचालीला चिकटलेले आहे. ‘शिस्त आणि शिक्षा’विषयीच्या १९७५ सालच्या ग्रंथात मिशेल फूको ह्यांनी ज्या पाळतीचे वर्णन केले, तिचे मर्म हेच आहे : पाहणारा दिसत नाही, म्हणून पाहिला जाणारा स्वतःच स्वतःवर पहारा ठेवू लागतो. कॉलिन्स ह्यांनी हे तत्त्व कोठेही प्रवचनासारखे मांडलेले नाही. ते निवेदनाच्या व्याकरणातच मुरवलेले आहे.

पीटा मेलार्क ह्या आपल्याच जिल्ह्यातील मुलाशी कॅटनिसचे जे प्रेम रिंगणात फुलते, त्याचे स्वरूपही ह्यामुळेच संदिग्ध राहते. ते सोंग आहे हे तिला माहीत आहे. पण सोंग कोठे संपते, हे तिला माहीत नाही. कॅमेऱ्यासाठी केलेली कृती आणि मनातून आलेली कृती ह्यांतील रेषा खुद्द कर्त्यालाच सापडेनाशी होणे, ही ह्या कादंबरीतील सर्वांत खोल हिंसा आहे. तिला रक्ताची गरज नाही.

३

चित्रपटाला ह्या ‘मी’चे काय करता येईल? पहिल्या चित्रपटाची पटकथा लिहिण्यात स्वतः कॉलिन्स सहभागी होत्या. तेव्हा मूळ कृती न समजल्यामुळे चूक झाली, असे म्हणण्यास जागा नाही. पार्श्वस्वगताचा सोपा मार्ग चित्रपटकर्त्यांनी टाळला, आणि तो निर्णय योग्यच होता. त्याऐवजी त्यांनी कॅमेरा कॅटनिसच्या मनाबाहेर काढून कादंबरीत कोठेही नसलेल्या एका ठिकाणी नेला : खेळाच्या नियंत्रणकक्षात. कादंबरी उघडते ती कॅटनिसच्या अंथरुणात, बहिणीची रिकामी जागा चाचपणाऱ्या हातापाशी. चित्रपट उघडतो तो कॅपिटॉलमधील मुलाखतीवर; खेळाचा सूत्रधार सेनेका क्रेन खेळाचे महत्त्व समजावून सांगत आहे, आणि तेथून एकदम धाकट्या बहिणीच्या किंकाळीवर दृश्य कापले जाते. जिच्यामागे सारे जग लपलेले आहे अशा एका जाणिवेकडून आपण एका व्यवस्थेच्या समग्र दृश्याकडे आलेलो असतो.

ह्या बदलाचा लाभ उघड आहे. वणवा कोण पेटवतो, श्वापदे कोठून येतात, हे आता दिसते. राष्ट्राध्यक्ष स्नो आणि क्रेन ह्यांच्यातील आशेविषयीचा संवाद सत्तेची कार्यपद्धती नेमकेपणाने उघडी करतो : थोडी आशा प्रजेला ताब्यात ठेवते, अधिक आशा घातक ठरते. कॅटनिसला हे कळणे शक्यच नव्हते. म्हणून पहिल्या कादंबरीत ते नाही.

परंतु ह्या लाभाची किंमतही द्यावी लागली आहे. दोन लहान बदल पाहावेत. पीटाची शुश्रूषा करताना कॅटनिस त्याचे चुंबन घेते आणि थोड्याच वेळात हवाई छत्रीतून गरम रस्सा येतो. कादंबरीत त्यासोबत एकही शब्द नाही. दारूच्या आहारी गेलेला मार्गदर्शक हेमिच आपल्याला काय सांगत आहे, हे कॅटनिसने भेटीवरून ओळखावयाचे असते. प्रेमाचा भाव रश्श्याच्या भांड्यात ठरलेला आहे, हे तिचे तिलाच उमगते आणि त्या उमगण्यात ती व्यवहारात सामील होते. चित्रपटात भांड्यासोबत चिठ्ठी येते : ह्याला काय चुंबन म्हणावयाचे, अशा आशयाची. प्रेक्षकाला अर्थ कळतो आणि हसूही येते. पण तर्क करणारे मन नाहीसे झाले. कॅटनिसला सूचना मिळाली. तिने स्वतःला विकावयास शिकणे मात्र पडद्यावरून निसटले.

दुसरा बदल अधिक अर्थपूर्ण आहे. अकराव्या जिल्ह्यातील रू ही बारा वर्षांची मुलगी मारली जाते. कॅटनिस तिचा देह फुलांनी सजवते आणि डाव्या हाताची मधली तीन बोटे ओठांना लावून हात पुढे करते. बाराव्या जिल्ह्यात ही खूण आभाराची, आदराची, प्रिय माणसाला निरोप देण्याची आहे. कादंबरीत हा हात रूच्या दिशेने जातो. चित्रपटात कॅटनिस वळते आणि तो हात कॅमेऱ्याकडे करते. पुढे कादंबरीत अकराव्या जिल्ह्याकडून तिला एक भाकरी येते. भुकेल्या लोकांनी बहुधा रूसाठी म्हणून पैसे जमवले असणार. ती गेल्यावर त्यांनी ती भेट परक्या जिल्ह्यातील मुलीला द्यावयाचे ठरवलेले असते. चित्रपटात भाकरी नाही. तेथे कॅमेरा अकराव्या जिल्ह्यात जातो, लोक तीच खूण परत करतात आणि दंगल उसळते.

हातभराच्या ह्या दिशाबदलात माध्यमांतराचा सारा प्रश्न सामावला आहे. मृताला दिलेला निरोप प्रेक्षकांना दिलेले आवाहन झाला. ज्याला कोणी पाहत असेल-नसेल अशा शोकाचे घोषणेत रूपांतर झाले. भाकरीच्या जागी बंड आले. बंड पडद्यावर दिसते; भाकरीमागील उपास दिसत नाही. कादंबरीत भूक ही अर्थव्यवस्था आहे. वर्षभराच्या तुटपुंज्या धान्य-तेलासाठी मुले सोडतीत आपले नाव अधिक वेळा घालतात आणि ही नावे वर्षानुवर्षे साचत जातात. परिणामी गरिबाचे मूल निवडले जाण्याची शक्यता वाढत राहते. चित्रपटात ही व्यवस्था दोन-तीन वाक्यांत उरकली जाते. नावातच ‘भूक’ असलेल्या कृतीतून भूक मागे सरते आणि ‘खेळ’ पुढे येतो.

४

येथवरचे विवेचन चित्रपटाविरुद्धच्या नेहमीच्या आरोपपत्रासारखे वाटेल. म्हणून आता उलट बाजूनेही विचार केला पाहिजे. कादंबरी खरोखरच तिच्या वाचकाला निर्दोष ठेवण्यास पात्र आहे काय?

आपण कॅटनिसच्या मनात बसून वाचतो. तिची भीती ती आपली भीती, तिचा नेम तो आपला नेम. त्यामुळे आपण बळीच्या बाजूला आहोत असे आपल्याला वाटते. परंतु प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस श्वास रोखून पान उलटणारा वाचक नेमके काय करत असतो? चोवीसांपैकी आता किती उरले, हे तोही मोजतच असतो. काही मुलांची नावेही त्याला कळत नाहीत आणि त्यांच्या मरणाने त्याला चुकल्यासारखे वाटत नाही. कॅपिटॉलच्या प्रेक्षकाचे कुतूहल आणि ह्या वाचकाचे कुतूहल ह्यांत स्वरूपाचा फरक फारसा नाही; फरक आहे तो बसण्याच्या जागेचा. प्रथमपुरुषी निवेदन वाचकाला रिंगणाच्या आत जागा देते आणि तो रिंगणाबाहेर बसलेला आहे, हे त्याच्यापासून लपवते.

चित्रपट हे लपवू शकत नाही. अंधाऱ्या गृहात, तिकीट काढून, मोठ्या पडद्यासमोर बसलेला माणूस मुलांना परस्परांना मारताना पाहतो, तेव्हा तो अक्षरशः कॅपिटॉलच्या नागरिकाच्या खुर्चीत असतो. माध्यमांतराने येथे मूळ कृतीतील एक दडलेले सत्य उघड्यावर आणण्याची संधी निर्माण केली होती. कादंबरीला जे करता आले नाही, ते चित्रपटाला करता आले असते : प्रेक्षकाला त्याच्या खुर्चीची जाणीव करून देणे.

गॅरी रॉस ह्यांच्या चित्रपटाने ही संधी अर्धीच घेतली. पहिल्या कत्तलीच्या वेळी तेथील ध्वनी जवळजवळ नाहीसा होतो, हातातला कॅमेरा थरथरतो, दृश्ये इतक्या वेगाने कापली जातात की कोणी कोणाला मारले हे नीट दिसत नाही. हिंसेचा उपभोग घेऊ न देण्याचा हा नैतिक संयम आहे, असे समर्थन करता येते. पण ह्या संयमाला बाजाराचीही साथ होती. अमेरिकेत हा चित्रपट किशोरांना पाहता यावा अशा श्रेणीत बसला. ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत प्रवेश मिळावा म्हणून त्यातील सात सेकंदांना कात्री लावण्यात आली. नैतिक संयम आणि व्यापारी सोय येथे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. शिवाय नियंत्रणकक्ष आणि कॅपिटॉलचे रंगीबेरंगी, हास्यास्पद केशभूषेचे नागरिक सतत दाखवल्याने ‘पाहणारे’ म्हणजे ते, आपण नव्हे, अशी सुटका प्रेक्षकाला मिळते. आरसा समोर आणला खरा. पण त्यावर दुसऱ्याचे चित्र चिकटवलेले होते.

५

फ्रान्सिस लॉरेन्स ह्यांच्या ‘मॉकिंगजे’च्या पहिल्या भागात (२०१४) मात्र माध्यमांतर मूळ कृतीच्या पुढे जाते, असे माझे मत आहे. एका कादंबरीचे दोन चित्रपट करण्यामागे व्यापारी हिशेब होता, हे सांगण्यास समीक्षकाची गरज नाही. तथापि ह्या विस्तारामुळे एका गोष्टीला अवकाश मिळाला : प्रचारपट कसा तयार होतो ह्या प्रक्रियेला. बंडखोरांच्या तेराव्या जिल्ह्यात कॅटनिसला वेशभूषा चढवून, खोट्या पार्श्वभूमीपुढे उभे करून घोषणा म्हणावयास लावतात. ती हास्यास्पद ठरते. मग तिला खऱ्या रणभूमीवर नेतात, रुग्णालयावर बॉम्ब पडतो, ती संतापाने कॅमेऱ्याशी बोलते. तो क्षण आपण आधी घडताना पाहतो आणि नंतर संगीत, बोधचिन्ह व शीर्षके जोडलेल्या तयार प्रचारपटाच्या रूपात पुन्हा पाहतो. शब्दांत ह्याचे वर्णन करता येते. चित्रपटात मात्र आपलाच ऊर आधी एका कारणाने आणि मग दुसऱ्या कारणाने भरून येतो, आणि दोहोंतील फरक आपल्याला सांगता येत नाही. हा प्रत्यय चित्रपटच देऊ शकतो.

फाशीच्या झाडाविषयीच्या गाण्याचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. कादंबरीत ते वडिलांकडून आलेले, आईने म्हणू न दिलेले गाणे आहे. लहानपणी न कळलेला त्याचा भयंकर अर्थ कॅटनिस गाताना स्वतःशी उलगडते. चित्रपटात तिचा एकटा, निराभरण आवाज सुरू होतो, त्यात वाद्यवृंद आणि समूह मिसळत जातात आणि तेच गाणे ओठांवर घेऊन माणसे धरण उडवण्यासाठी मरणाकडे चालत जातात. प्रचारासाठी त्यातील फासाच्या दोराचा शब्द बदलून त्याजागी आशेचा शब्द घातलेला आहे. इंग्रजीत हे दोन शब्द एका अक्षराच्या फरकाने जुळतात. शोकाचे घोषणेत रूपांतर होते हीच ती प्रक्रिया. फरक इतकाच, की रूच्या प्रसंगात चित्रपटाने ती नकळत केली होती आणि येथे ती करून दाखवली आहे. येथे चित्रपट स्वतःच्याच कार्यपद्धतीचा समीक्षक झाला आहे.

त्रयीच्या अखेरीस आणखी एक लक्षणीय गोष्ट घडते. बंड यशस्वी झाल्यावर नवी सत्ताधीश कॉइन, आता कॅपिटॉलच्या मुलांना घेऊन एक अखेरचा खेळ भरवावा, असे सुचवते. कॅटनिस होकार देते आणि नंतर स्नोवर रोखलेला बाण कॉइनला मारते. त्या होकाराच्या क्षणी तिच्या मनात नेमके काय आहे, हे कादंबरीही स्पष्टपणे सांगत नाही. तीन पुस्तके आपल्याला मनात वागवणारी निवेदक निर्णायक क्षणी दार लावून घेते. जणू कादंबरीच कॅमेऱ्यासारखी वागते. म्हणूनच चित्रपटात जेनिफर लॉरेन्स ह्यांचा निर्विकार चेहरा येथे कमी पडत नाही. ह्या जागी दोन माध्यमे बरोबरीला येतात.

६

चित्रपटमालेच्या सामाजिक परिणामांकडे पाहिले तर चित्र असेच दुहेरी दिसते. २०१३ साली दुसऱ्या चित्रपटाच्या निमित्ताने कव्हरगर्ल ह्या कंपनीने कॅपिटॉलच्या नावाने सौंदर्यप्रसाधनांची मालिका विकावयास काढली. ज्या नटवेपणाचा उपहास करावयाचा, तोच बाजारात आला. गी दबोर ह्यांनी १९६७ साली मांडलेल्या ‘दृश्याच्या समाजा’चे ह्याहून चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण तेवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१४ सालच्या लष्करी उठावानंतर थायलंडमधील निदर्शकांनी तीन बोटांची ती खूण उचलली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांसमोर ती करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मधील उठावानंतर म्यानमारमधील डॉक्टर, परिचारिका आणि तरुण ती खूण करून रस्त्यावर आले. त्या देशाचे राजदूत चॉ मो टुन ह्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ती केली. हा हात चित्रपटातला आहे, कॅमेऱ्याकडे वळलेला. कादंबरीतला रूकडे गेलेला हात इतक्या दूर पोचला नसता. मी ज्याला हानी म्हटले, त्याच बदलामुळे ती खूण अनुकरणक्षम झाली. आणि म्यानमारमध्ये ती करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ती पुन्हा निरोपाचीही खूण झाली.

‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ ही तरुण स्नोविषयीची कादंबरी २०२० साली आली आणि तिच्यावरील चित्रपट २०२३ साली. कादंबरीचे निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते स्नोच्या मनाला चिकटून चालते. प्रत्येक स्वार्थाला तो कर्तव्याचे नाव कसे देतो, हे वाचकाला ओळीओळीत कळते. पडद्यावर ही आत्मवंचना बरीचशी अदृश्य होते आणि एक देखणा, गरजू, प्रेमात पडलेला तरुण उरतो. खेळाला पुरस्कर्ते जोडून प्रेक्षकाला त्यात गुंतवण्याची कल्पना ह्याच तरुणाची, हे चित्रपट सांगतो. पण आपण त्याच्यावर लोभावलेलो असतो. लोभावणे हाच येथे मुद्दा असावा, असे मानावयास जागा आहे.

माध्यमांतराच्या समीक्षेने विचारावयाचा प्रश्न म्हणूनच ‘काय गाळले’ हा नव्हे. दृश्य आणि द्रष्टा ह्यांच्यातील संबंधाचे काय झाले, कृतीने आपल्याला कोठे बसवले आणि त्या जागेची जाणीव ठेवली की विसरावयास लावली, हा खरा प्रश्न आहे. ह्या कसोटीवर ‘द हंगर गेम्स’ची कादंबरी आपण समजतो तितकी निष्पाप ठरत नाही आणि चित्रपट आपण समजतो तितका अपराधी ठरत नाही. वाचकाला जे हरवल्यासारखे वाटते, ते रिंगणाच्या आत त्याला मिळालेले आसन होय. ते त्याचे कधीच नव्हते.